खालच्या जबड्याची भूल: नेम कुठे चुकतो, कसा सुधारायचा

वरच्या जबड्यात भूल चढली नाही, अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. खालच्या दाढांची गोष्ट निराळी आहे. ब्लॉक दिला, पाच मिनिटं थांबलो, पेशंट म्हणतो, "ओठ जाड झालाय, जीभही जड वाटतेय." मग एअरोटर डेंटिनला टेकतो आणि तोच पेशंट खुर्चीचे हात घट्ट पकडतो. इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ब्लॉक अनुभवी हातांतही साधारण १५ ते २० टक्के वेळा पुरा पडत नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. दाढ रात्रभर ठणकत असेल, म्हणजे पल्पची सूज परत न फिरणारी असेल, तर हे प्रमाण कितीतरी वाढतं.

इंटर्नशिप करणाऱ्या, नुकतंच क्लिनिक थाटलेल्या आणि वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने ब्लॉक देत आलेल्या अशा सगळ्याच दंतवैद्यांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो. भूल न चढण्याचं खापर आपण औषधाच्या कंपनीवर, पेशंटच्या भित्रेपणावर किंवा "हा दारू पितो, याला भूल चढायचीच नाही" या ठरलेल्या वाक्यावर फोडतो. बहुतेक वेळा कारण त्याहून साधं असतं. सुई खाली राहिलेली असते किंवा पुढे राहिलेली असते, आणि आपण पुरेसं थांबलेलो नसतो.

वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र आणि पातळ असतं. दातापाशी औषध सोडलं की ते हाडातून झिरपून मुळाच्या टोकापर्यंत जातं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट आहे, तिथे हे झिरपणं पुरेसं होत नाही. म्हणून नर्व्ह हाडात शिरण्याआधीच तिला गाठावं लागतं. रॅमसच्या आतल्या बाजूला, टेरिगोमँडिब्युलर जागेत, मँडिब्युलर फोरामेनच्या किंचित वर. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी कोकेन वापरून ही नर्व्ह बधिर केली. पुढे औषध बदललं. कोकेनच्या जागी प्रोकेन आलं, आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. न दिसणारी नर्व्ह खुणांवरून गाठायची, हे काम मात्र आजही तसंच आहे. त्यामुळे खुणा पक्क्या असणं हीच यातली मुख्य गोष्ट.

आधी हातात जबडा घ्या

बीडीएसच्या पहिल्या वर्षी घेतलेला बोन सेट बहुतेकांच्या घरी माळ्यावर असतो. त्यातला खालचा जबडा काढा आणि क्लिनिकच्या टेबलावर ठेवा. रॅमसच्या आतल्या पृष्ठभागावर बोट फिरवलं की लिंग्युला नावाचा हाडाचा छोटा उंचवटा लागतो. त्याच्या मागे आणि खाली फोरामेन आहे, तिथूनच नर्व्ह आत शिरते. आता अंगठा रॅमसच्या पुढच्या कडेवरच्या खोलगट भागात, म्हणजे कोरोनॉइड नॉचमध्ये ठेवा आणि तर्जनी मागच्या कडेवर. रॅमस आता तुमच्या चिमटीत आहे. फोरामेन या दोन बोटांच्या साधारण मध्यावर, किंचित मागे येतं. दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर पेन्सिल आडवी ठेवून बघा, लिंग्युला त्या रेषेच्या किती वर आहे ते डोळ्यांना दिसेल.

नंतर सिरिंजला लांब सुई लावा आणि बॅरल विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर ठेवून सुईचं टोक लिंग्युलाच्या वर टेकवा. आता बॅरल हळूहळू पुढच्या दातांकडे सरकवा. टोक हाड सोडून मागे निसटतं. बॅरल विरुद्ध बाजूच्या दाढांकडे न्या. टोक लवकर, पुढेच, आतल्या तिरप्या कंगोऱ्याला आपटतं. तोंडात जे दिसत नाही ते इथे उघड्यावर दिसतं. एकदा हे नीट पाहिलं की "हाड लवकर लागलं" किंवा "हाड लागतच नाही" याचा अर्थ पाठ करावा लागत नाही. मी शिकवताना विद्यार्थ्यांना पहिल्या ब्लॉकआधी हे करायला लावतो, आणि पंधरा वर्षं प्रॅक्टिस झालेल्यांनाही ते करण्याची विनंती करतो.

अंगठा काय सांगतो

पेशंटला जवळजवळ आडवं करा. त्यामुळे चक्कर येण्याचा धोका कमी होतो आणि तोंडही नीट दिसतं. तोंड पूर्ण उघडायला सांगा. उजव्या हाताने इंजेक्शन देणाऱ्याने पेशंटच्या उजव्या बाजूसाठी आठच्या स्थितीत समोर उभं राहावं, डाव्या बाजूसाठी दहाच्या स्थितीत. म्यूकोसा गॉजने कोरडा करा, टोपिकल जेल लावा आणि मिनिटभर तरी राहू द्या. ओल्या म्यूकोसावर लावलेलं जेल लाळेबरोबर घशात जातं आणि पेशंटला नुसती ओकारी येते.

डाव्या हाताचा अंगठा गालाच्या आत, कोरोनॉइड नॉचच्या सर्वांत खोल जागी ठेवा. बाहेरून तर्जनी कानाखाली, रॅमसच्या मागच्या कडेला. हीच ती जबड्यावर सराव केलेली चिमूट. आता त्या माणसाचा रॅमस रुंद आहे की अरुंद, उभा आहे की बाहेरच्या बाजूला पसरलेला, हे बोटांना कळतं. रॅमस पसरलेला असेल तर बॅरल विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरपेक्षा थोडं मागे, पहिल्या दाढेकडे घ्यावं लागतं. पाठ्यपुस्तकातला प्रीमोलर हा सुरुवातीचा अंदाज आहे. प्रत्येक पेशंटमध्ये तोच कोन चालेल असं समजू नका.

अंगठ्याच्या मध्यापासून मागे, टेरिगोमँडिब्युलर रॅफेच्या खोल भागापर्यंत एक आडवी रेषा मनात धरा. ती खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीला समांतर आणि तिच्यापेक्षा ६ ते १० मिलिमीटर वर असते. या रेषेवर नॉचपासून मागे तीन चतुर्थांश अंतरावर, रॅफेच्या अलीकडे, सुई घाला. रॅफेमध्येच किंवा तिच्याही आत घातली तर सुई मिडियल टेरिगॉइड स्नायूत जाते. मग भूल चढत नाही आणि दुसऱ्या दिवशी पेशंटचं तोंडही उघडत नाही.

सर्वांत जास्त चूक उंचीत होते, आणि ती जवळजवळ नेहमी खालच्या बाजूला होते. नर्व्ह वरून खाली येते आणि फोरामेनमध्ये शिरते. औषध फोरामेनच्या वर पडलं तर वाटेतल्या नर्व्हला ते मिळतं. खाली पडलं तर तिथे नर्व्हच नसते, ती आधीच हाडात गेलेली असते. म्हणून शंका आली तर सुई थोडी वर घ्या. वर जाण्याचा तोटा फारसा नाही, खाली राहण्याचा मात्र पुरता तोटा आहे. अंगठा दाबून धरल्यामुळे नखाखालची उंची खरी वाटते, पण घाईत तो घसरून खाली येतो. सुई घालण्याच्या क्षणी अंगठा अजून नॉचच्या तळाशी आहे ना, याकडे एकदा लक्ष द्या.

हाड लागलं का?

मोठ्या माणसात २० ते २५ मिलिमीटरवर हाड लागतं. ३२ मिलिमीटरची लांब डेंटल सुई असेल तर साधारण सेंटिमीटरभर सुई बाहेर दिसायला हवी. दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरची सुई असेल तर दीड सेंटिमीटरच्या आसपास. हे बाहेर राहिलेलं अंतर डोळ्यांनी मोजायची सवय लावून घ्या, आत किती गेलं याचा नुसता अंदाज बांधू नका.

निम्मी सुईही गेली नाही आणि हाड लागलं, तर टोक पुढे आहे. सुई थोडी मागे घ्या, पण पूर्ण बाहेर काढू नका. बॅरल पुढच्या दातांकडे आणा आणि पुन्हा आत जा. उलट, अपेक्षित खोलीपर्यंत जाऊनही हाड लागत नसेल तर टोक मागे गेलेलं आहे. इथे कित्येक जण "आता सोडूनच देऊ" म्हणून औषध सोडतात. ते करू नका. मागे पॅरोटिड ग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहऱ्याची नर्व्ह जाते. तिथे औषध पडलं तर दहा मिनिटांत पेशंटचा डोळा मिटेनासा होतो, ओठ वाकडा होतो, आणि दाढ जागीच राहते. असं झालंच तर घाबरवून टाकू नका. काही तासांत ते उतरतं. तोपर्यंत डोळा हाताने मिटून पट्टी लावा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायला सांगा आणि पेशंटला नीट समजावा. पण हे टाळता येतं. हाड लागलं नाही तर औषध सोडायचं नाही, बॅरल दाढांकडे नेऊन पुन्हा हाड शोधायचं.

कोन बदलताना सुई खोल असतानाच सिरिंज फिरवू नका. आधी मागे घ्या, मग दिशा बदला. खोल ऊतींमध्ये आडवी वळवलेली सुई वाकते, स्नायू फाडते. सुई हबपर्यंत आत घालणं आणि ती आधीच वाकवून घेणं, या दोन्ही गोष्टी कायमच्या सोडून द्या. सुई तुटते ती बहुतेक वेळा हबपाशी, आणि बाहेर काही उरलेलं नसेल तर ती आर्टरी फोर्सेप्सने पकडता येत नाही.

हाड लागल्यावर मिलिमीटरभर मागे या. ॲस्पिरेट करा, सिरिंज थोडी फिरवून पुन्हा ॲस्पिरेट करा. तोंडातल्या इंजेक्शनांत या ब्लॉकमध्ये रक्त येण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, १० ते १५ टक्क्यांच्या घरात आहे. रक्तवाहिनीत गेलेलं औषध नर्व्हपर्यंत पोचत नाही, शिवाय छातीत धडधड सुरू होते. रक्त आलं तर सुई थोडी हलवा आणि पुन्हा बघा. सुई आत जाताना पेशंटला जिभेत किंवा ओठात करंट लागल्यासारखं झालं तर टोक नर्व्हला लागलेलं आहे. तिथेच औषध सोडू नका, दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या.

मग दीड मिली औषध मिनिटभरात सोडा. मिनिट म्हणजे घड्याळातलं मिनिट. हळू सोडलेलं औषध जागेवर राहतं, दुखतं कमी आणि पेशंटचा विश्वासही राहतो. परत येताना निम्म्या वाटेवर ॲस्पिरेट करून थोडं औषध लिंग्वल नर्व्हसाठी सोडा. दाढेच्या गालाकडच्या हिरडीला हात लावायचा असेल, एक्स्ट्रॅक्शन असेल किंवा क्लॅम्प बसवायचा असेल, तर लाँग बक्कल वेगळं द्या. ते ब्लॉकमध्ये येत नाही.

सिरिंज, सुई आणि औषध

आपल्याकडे पुष्कळ क्लिनिकमध्ये कार्ट्रिजऐवजी ३० मिलीची व्हायल आणि २ मिलीची डिस्पोजेबल सिरिंज वापरतात. त्यात गैर काही नाही. उलट साध्या डिस्पोजेबल सिरिंजने ॲस्पिरेट करणं सोपं जातं. कार्ट्रिज सिरिंज घेताना मात्र ती ॲस्पिरेट करणारी आहे का ते बघून घ्या, कारण बाजारात दोन्ही मिळतात. डिस्पोजेबल सिरिंजसोबत येणारी एक इंची सुई ब्लॉकसाठी अपुरी आहे. २५ मिलिमीटर खोल जायचं तर ती हबपर्यंत रुतवावी लागते. दीड इंची सुई वेगळी मागवा. २५ किंवा २७ गेजची सुई सरळ जाते. ३० गेजची बारीक सुई दुखत कमी असेल असं आपल्याला वाटतं, पण स्नायूतून जाताना ती वळते आणि टोक आपण धरलेल्या रेषेत राहत नाही.

डिस्पोजेबल सिरिंजचा प्लंजर इतका सैल चालतो की दीड मिली पाच सेकंदांत रिकामं होतं. म्हणून तिथे घड्याळाची गरज जास्त आहे.

लिग्नोकेन २ टक्के, ॲड्रिनलिन १:८०,०००, हे आपलं रोजचं औषध. ॲड्रिनलिन उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं. व्हायल खिडकीत, ऑटोक्लेव्हच्या शेजारी किंवा मे महिन्याच्या उन्हाळ्यात बंद क्लिनिकच्या कपाटात ठेवू नका. रंग बदललेली व्हायल फेकून द्या. व्हायलचं रबर प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसा आणि प्रत्येक वेळी नवी सुई वापरा.

डोसचं गणित पाठ असावं. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. ॲड्रिनलिनसह लिग्नोकेनची निरोगी प्रौढासाठीची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० मिलिग्रॅमपर्यंत धरतात, पण किलोला ४.४ मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम ही जुनी, सावध मर्यादा मी पाळतो आणि तुम्हीही पाळा. हृदयविकाराच्या पेशंटमध्ये ॲड्रिनलिन ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. १:८०,००० मध्ये ते साधारण ३ मिलीत पूर्ण होतं. एक ब्लॉक फसला, दुसरा दिला, मग दाढेभोवती चार ठिकाणी टोचलं, तर आपण या रेषेवर कधी पोचलो ते कळतही नाही. पहिला ब्लॉक अचूक बसणं ही सुरक्षिततेचीही गोष्ट आहे.

थांबा आणि दाताला विचारा

ओठ तीन ते पाच मिनिटांत जड होतो. दाढेच्या पल्पला वेळ लागतो, दहा ते पंधरा मिनिटं धरून चाला. आपण मात्र ओठ जड झाला की ड्रिल हातात घेतो. नर्व्हच्या बाहेरच्या थरातले तंतू आधी बधिर होतात, आतले नंतर. शिवाय ओठ जड होणं म्हणजे नर्व्ह गाठली गेली, एवढंच. दाढ बधिर झाली हे त्याने सिद्ध होत नाही.

म्हणून दातालाच विचारा. इलेक्ट्रिक पल्प टेस्टर असेल तर ८० च्या कमाल आकड्यावरही काही जाणवत नाही ना ते बघा. नसेल तर थंड स्प्रे कापसाच्या छोट्या बोळ्यावर मारून दाढेला लावा. तोही नसेल तर सुईच्या स्वच्छ प्लास्टिक टोपणात पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा, बर्फाची छान कांडी तयार होते. ब्लॉकच्या आधी एकदा आणि दहा मिनिटांनी एकदा दाढेला लावा. आधी झटका बसला होता आणि आता काहीच नाही, तर सुरुवात करा. या चाचणीला अर्धं मिनिट लागतं आणि मध्येच थांबून पेशंटचे अश्रू पुसण्याची वेळ येत नाही. हिरडीत प्रोब टोचून बघण्याने दाढेच्या पल्पबद्दल काहीच कळत नाही, ही गोष्ट अजूनही बऱ्याच ठिकाणी चुकते.

ओठ जड, पण दाढ जागी

दहा मिनिटांनीही ओठ जड नसेल तर ब्लॉक चुकला. पुन्हा द्या, या वेळी थोडा वर. ओठ पूर्ण जड असेल आणि दाढ दुखत असेल, तर तोच ब्लॉक तिथेच पुन्हा देण्यात अर्थ नाही. नर्व्ह गाठलेली आहे, अडचण दुसरीकडे आहे.

सुजलेल्या पल्पमध्ये वेदनेचे तंतू खवळलेले असतात, त्यांच्यावरचे काही सोडियम चॅनेल लिग्नोकेनला दाद देत नाहीत, आणि सूज असलेल्या भागातल्या आम्लतेमुळे औषधाचा नर्व्हमध्ये शिरणारा अंश कमी होतो. अशा पेशंटला आधीच अपॉइंटमेंट दिलेली असेल आणि अल्सर, किडनीचा आजार, दमा, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं असं काही नसेल, तर तासभर आधी आयब्युप्रोफेन ४०० ते ६०० मिलिग्रॅम दिल्याने ब्लॉक यशस्वी होण्याची शक्यता वाढते.

खुर्चीत असताना पहिला उपाय म्हणजे पहिल्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला ४ टक्के आर्टिकेनचं इन्फिल्ट्रेशन. जाड हाडातूनही आर्टिकेन लिग्नोकेनपेक्षा चांगलं पोचतं. पाच ते दहा मिनिटं थांबा. तेवढ्याने भागलं नाही तर पेरिओडॉन्टल लिगामेंटमध्ये प्रत्येक मुळाजवळ ०.२ मिली, पण देताना सिरिंजवर दाब जाणवलाच पाहिजे. औषध सहज आत गेलं तर ते बाहेर हिरडीवर सांडतंय. पल्प चेंबर उघडलेलं असेल तर इंट्रापल्पल हा शेवटचा उपाय. तो दुखतो, पेशंटला आधी सांगून द्या.

काही वेळा दाढेला मायलोहायॉइड नर्व्हकडून जास्तीचा तंतू येतो. ही शाखा फोरामेनच्या वरच फुटते, त्यामुळे नेहमीच्या ब्लॉकमधून सुटते. दुखणाऱ्या दाताच्या मागच्या दाताच्या मुळापाशी, जिभेकडच्या बाजूला थोडं औषध सोडलं की हा प्रश्न सुटतो. खालच्या पुढच्या दातांत विरुद्ध बाजूची नर्व्ह मध्यरेषा ओलांडून येते, तिथे ओठाकडच्या बाजूने इन्फिल्ट्रेशन पुरेसं होतं. ओपीजीवर कधी मँडिब्युलर कॅनाल दुहेरी दिसतो. ओपीजी काढलेलाच असेल तर ब्लॉकआधी त्याच्याकडे नजर टाका, फोरामेनची उंचीही तिथे दिसते.

प्रीमोलर किंवा कॅनाइनवर काम असेल तर पूर्ण ब्लॉकची गरजच नसते, मेंटल फोरामेनपाशी इन्सिझिव्ह ब्लॉक देऊन काम होतं. प्रत्येक खालच्या दाताला ब्लॉक देण्याची सवय सोडली तर चुकण्याच्या संधीही कमी होतील.

तोंडच उघडत नसेल तर

महाराष्ट्रात, त्यातही विदर्भात, हा प्रश्न रोजचा आहे. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पण खर्रा आणि सुपारी सुटलेली नाही. सबम्यूकस फायब्रोसिसचा तरुण अक्कलदाढेच्या दुखण्याने येतो आणि त्याच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. रॅफे दोरीसारखी ताठ झालेली असते, म्यूकोसा पांढरा आणि कडक. तिथे नेहमीचा ब्लॉक जबरदस्तीने देऊ नका, खुणाच सापडत नाहीत.

अशा वेळी बंद तोंडाचा ब्लॉक हवा. वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये तो मांडला. दात हलके मिटवायला सांगा. गाल बाजूला ओढा. वरच्या शेवटच्या दाढेच्या म्यूकोजिंजायव्हल रेषेच्या उंचीला, वरच्या चावण्याच्या पातळीला समांतर, मॅक्सिलरी ट्यूबरॉसिटी आणि रॅमस यांच्या मधल्या जागेत सुई घाला. ट्यूबरॉसिटीपासून २५ मिलिमीटर आत जा. सुईचा तिरपा काप रॅमसच्या उलट दिशेला, मध्यरेषेकडे ठेवा, म्हणजे सुई नर्व्हकडे वळेल. या पद्धतीत हाड लागत नाही, म्हणून खोली मोजणं आणि ॲस्पिरेट करणं दोन्ही जास्त काळजीने करा. स्नायूच्या आकडीमुळे तोंड बंद असेल तर भूल चढल्यावर ते थोडं उघडतं. फायब्रोसिसमध्ये पट्टेच कडक झालेले असतात, तिथे भूल चढली तरी तोंड उघडेल अशी अपेक्षा ठेवू नका आणि कामाचा बेत तसाच आखा.

तोंड पूर्ण उघडतंय, पण नेहमीचा ब्लॉक त्या पेशंटमध्ये वारंवार फसतोय, तर ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज गो-गेट्स यांची १९७३ ची पद्धत शिकून घ्या. यात लक्ष्य असतं काँडाइलची मान. सुई ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या खालच्या खाचेपर्यंतच्या रेषेला समांतर जाते, वरच्या दुसऱ्या दाढेच्या मागून, तिच्या पुढच्या पॅलेटल कस्पच्या उंचीला. हाड लागलंच पाहिजे, आणि औषध सोडल्यावर पेशंटने एक-दोन मिनिटं तोंड उघडंच ठेवायचं. भूल चढायला वेळ लागतो, पण मायलोहायॉइडची शाखाही यात सापडते आणि रक्त येण्याचं प्रमाण फारच कमी असतं. हात बसेपर्यंत ही पद्धत शिकलेल्या माणसाशेजारी उभं राहून शिका, वाचून नको.

लहान मुलं आणि कवळी लावणारे आजी-आजोबा

दुधाचे दात असलेल्या मुलात फोरामेन चावण्याच्या पातळीच्या खाली असतं. म्हणजे वर सांगितलेला उंचीचा नियम इथे उलटतो, सुई खाली घ्यावी लागते. रॅमसही अरुंद, म्हणून खोली कमी, १५ मिलिमीटरच्या आसपास हाड लागतं. वाढत्या वयाबरोबर फोरामेन वर सरकतं. १५ किलोच्या मुलाची मर्यादा ४.४ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिली. ही कमाल आहे, तिच्या बरंच आत राहा. चार वर्षांखालच्या मुलांत आर्टिकेन वापरू नका. घरी जाताना आईला स्पष्ट सांगा की ओठ तीन-चार तास जड राहील, तोवर काही खायला देऊ नये आणि पोरगं ओठ चावत नाही ना यावर लक्ष ठेवावं. दुसऱ्या दिवशी सुजलेला, चावून फोडलेला ओठ घेऊन आलेलं मूल पाहिलं की हे सांगायला विसरणं किती महागात पडतं ते कळतं.

दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांत चावण्याची पातळीच उरत नाही आणि रिज झिजलेली असते. झिजलेल्या रिजवरून उंची धरली तर सुई हमखास खाली जाते. तिथे रिजकडे बघूच नका. कोरोनॉइड नॉच आणि रॅफे मात्र जागच्या जागी असतात, त्यांच्यावर विसंबा.

आणि एक छोटं काम रोज करा. केसपेपरवर ब्लॉकबद्दल एक ओळ लिहा: कोणती पद्धत, किती मिली, हाड किती खोलीवर लागलं, बॅरल कुठे होतं, ओठ किती मिनिटांनी जड झाला आणि दाढ थंडीला कधी गप्प झाली. पेशंटलाही विचारा, आधी कुठे भूल चढली नव्हती का. पुढच्या भेटीत तोच पेशंट आला की ती ओळ आधी वाचा आणि मगच सिरिंज भरा.